माघाची सावड

१

शके एकोणीसशे चार, दुंदुभीनाम संवत्सर. इंग्रजी साल त्र्याऐंशी, जानेवारी अर्धा उलटलेला. संक्रांतीचं वाण लुटून झालं होतं. सकाळच्या गारठ्यात काळं रान घट्ट झालं होतं आणि रब्बीची ज्वारी कणसाच्या भारानं वाकली होती.

पेडगावच्या पुढं ओढ्याच्या अंगाला एक वाडी आहे. तिथले व्यंकटराव उठले की तोंड धुऊन आधी पंचांग घेत. देवळीच्या बाजूला खिळ्याला सुतळीनं बांधून ते टांगलेलं असे. ओसरीवर बसायचं, चष्मा चढवायचा, ओळीवर बोट ठेवायचं आणि मोठ्यानं वाचायचं. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. पाच अंगं म्हणून पंचांग. त्यांचे वडील सांगत, तिथी ऐकली की घरात लक्ष्मी येते, वारानं आयुष्य वाढतं, नक्षत्रानं पाप जातं, योगानं दुखणं हटतं आणि करणानं हाती घेतलेलं काम तडीला जातं. व्यंकटराव दुसरी शिकलेले, तीही निजामाच्या राजवटीत. पण ही पाच अंगं ते न अडखळता वाचत.

गावचे जोशीबुवा लेकाच्या नोकरीपायी परभणीला राहायला गेले, तेव्हापासून वाडी व्यंकटरावांनाच विचारायची. लग्न कधी धरावं, चौकट कधी बसवावी, मृगाचं वाहन यंदा काय, म्हैस कोणत्या वारी विकावी. ते सांगत आणि गाव ऐके. मान होता. मान त्यांना आवडे.

त्या साली पंचांगात माघ नव्हता.

पौष संपला की थेट फाल्गुन, आणि तोही दोनदा. आधी धोंड्याचा, मग खरा. ही गोष्ट वाडीत पसरली तशी माणसं ओसरीला जमली.

"तात्या, म्हैना गेला कुठं?" शेजारचा भुजंग म्हणाला. "एसटीत इसरला का कुनी?"

"क्षयमास हाय," व्यंकटराव म्हणाले. "सूर्य एकाच म्हैन्यात दोन राशी वलांडतो. मंग एक म्हैना गिळला जातो. मागं तिरेसष्ट साली असाच गेलता."

"आन माघात बाळंत व्हनारीनं काय करावं? पोट धरून फाल्गुनापस्तोर बसावं?"

"माझी सासू माघात येते म्हनली व्हती," दुसरा कुणी म्हणाला. "देव पावला मला."

ओसरी हसली. व्यंकटराव हसले नाहीत. हसण्याची त्यांना सवय नव्हती. पण छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं त्यांना झालं, कारण त्यांच्या अंगावर एक वायदा होता आणि तो माघाचा होता.

२

वायदा असा होता.

रब्बीची पेर आश्विनात. त्या साली आश्विनही दोन आले. पहिला धोंड्याचा. धोंड्यात पेरायचं नाही म्हणून व्यंकटराव थांबले. त्यांच्या बांधाला बांध लागून सितारामचं रान होतं. सिताराम बौद्धवाड्यातला, डावरा, अंगानं काटक. छप्पन्न सालापासून त्याच्या घरात पंचांग नव्हतं. त्यानं धोंड्यातच पेरून घेतलं.

"सिताराम, धोंडा चालू हाय," व्यंकटरावांनी बांधावरून सांगितलं होतं.

"आसंल की तात्या. मी ओल बगतो. ओल काय पंचांग वाचत न्हाई."

धोंडा संपला. व्यंकटरावांनी बैल काढले आणि त्याच दिवशी एका बैलाचा पाय मुरगळला. ज्याची त्याची पेर चालू होती. कुणाची जोडी मोकळी नव्हती. ओल दिवसागणिक खाली चालली होती.

एक जोडी मोकळी होती. पण अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात नामांतराचं पेटलं, तेव्हापासून वाडीत वरची आळी आणि बौद्धवाडा यांच्यातली सावड मोडली होती. सावड म्हणजे अंगाची उधारी. आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या. ती मोडली ती मोडलीच. कुणी बोलून मोडली नाही, पण कुणी जोडलीही नाही.

व्यंकटरावांनी दिवस बुडताना, पाणंदीत माणूस नाही असं बघून, बांधावरून सितारामला हाक मारली.

सिताराम दुसऱ्या दिवशी पाभर आणि जोडी घेऊन आला आणि सगळं रान संपेपर्यंत येत राहिला. तहान लागली की तो बांधावरच्या बाभळीला अडकवलेला जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पेला काढी. तो पेला त्याच्या बापाच्या वेळेपासून तिथंच असे. व्यंकटराव तांब्या उंच धरून त्यात पाणी ओतत. भाकरी तो आपली आणी आणि बांधावर बसून खाई.

पेर झाल्यावर व्यंकटरावांनी पायलीभर गहू पुढं केला. सितारामनं हात मागं घेतला.

"धान नको तात्या. पैका बी नको. सावड हाय. अंगाचं अंगानं फेडायचं."

"माघात तुजी ज्वारी काढू लागतो."

"कोन? गडी धाडताव?"

"मी सोता."

"जबान?"

"जबान."

संक्रांतीच्या आधी सिताराम गेला. पोटात कळ आली, परभणीला नेता नेता बैलगाडीतच थंड झाला. बौद्धवाड्यातले कर्ते गडी तेव्हा गंगाखेडकडं ऊसतोडीला गेलेले होते. मातीला म्हातारी माणसंच होती. व्यंकटराव आपल्या बांधावरच उभे राहून बघत होते.

पुढं काही दिवसांनी सितारामची बायको पंचफुला आली. ओसरीच्या पायरीखाली उभी राहिली.

"तात्या, आमची ज्वारी वाळली. धोंड्यातली पेर ती, आधी आली. दाना गळायलाय. पाखरं तर बसून ऱ्हायलीत. गडी मिळंना. माघ लागला की तुमी येतो म्हनला व्हतात."

"माघ न्हाई यंदा."

"न्हाई म्हंजी?"

व्यंकटरावांनी पंचांग उघडून तिच्याकडं धरलं. तिला वाचता येत नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. पौषाच्या पानावरून बोट उचलून त्यांनी ते फाल्गुनावर ठेवलं.

"माझी जबान माघाची व्हती. माघच न्हाई. पुढल्या साली बगू."

पंचफुलानं पानाकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

"मंग तसं ज्वारीला सांगा, तात्या," ती म्हणाली आणि गेली.

आत कमलबाई चुलीपाशी होत्या. भाकरी त्या दिवशी तव्यावर जरा जास्त आपटली गेली.

३

व्यंकटरावांचा शेतात आखाडा होता. मातीच्या भिंतींची एक खोली, पुढं पत्र्याचा पडवा, गोठा, कडब्याची गंजी. पडव्यात पाण्याचा रांजण. लेकी नांदायला गेलेल्या. घरात नवरा-बायको दोघंच. दिवसभर ते आखाड्यावरच असत.

एका सांजेला ते बैलांना पाणी दाखवायला गेले, तेव्हा जर्मनचा पेला हौदाच्या काठावर होता.

ते थांबले. पेला बाभळीला असायचा. सिताराम गेल्यापासून त्याला हात लावणारं कुणी उरलं नव्हतं. पेल्याच्या कडेला पाण्याचे थेंब होते.

कुणा गुराख्यानं घेतला असेल, ते मनाशी म्हणाले. काठीच्या टोकावर पेला उचलून त्यांनी तो परत बाभळीला अडकवला.

दुसऱ्या दिवशी पेला हौदाच्या अलीकडं होता, गोठ्याच्या मेढीपाशी. पालथा ठेवलेला, जसा पाणी पिऊन झाल्यावर माणूस ठेवतो तसा.

आणि वरच्या रानातल्या ज्वारीची कड मोकळी झाली होती.

वरचं रान मुरमाड. तिथली ज्वारी नेहमी आधी वाळते. पण व्यंकटरावांनी अजून तिला हात लावलेला नव्हता. कडेची ताटं मुळासकट उपटलेली, माती झाडलेली, कणसं एका अंगाला करून पेंढ्या बांधलेल्या. काम चोख होतं. एक ताट मोडलेलं नव्हतं, एक कणीस मातीत नव्हतं. चोराचं काम असं नसतं. चोर कणसं खुडून नेतो, पेंढ्या बांधून ठेवत नाही.

त्यांनी एक पेंढी उचलून बघितली. ज्वारीच्याच ताटांना पीळ देऊन पेंढी आवळतात. सगळी वाडी उजवा पीळ देते. हा पीळ डावा होता.

४

व्यंकटरावांना संशयाची सवय लहानपणापासून लागलेली. बैल आजारी पडला तर ते आधी चारा बघत नसत, आधी शेजारी बघत. त्या आठवड्यात त्यांनी सगळ्यांना एकेक करून चाळलं.

पहिला भुजंग. थट्टेखोर माणूस. त्याचा सालगडीही डावरा होता.

"भुजंगा, तुजा गडी कुठंय?"

"गेला की उसाला. पौष लागला तवाच. का, तात्या?"

"काय न्हाई."

"न्हाई कसं? तोंड तर असं हाय जसं माघ घावला."

व्यंकटराव त्याच्या डोळ्यांत बघत राहिले. भुजंगला त्या बघण्याचा अर्थ कळेना. तो पान थुंकून निघून गेला. त्याच्यात काही नव्हतं. लबाडी करणारा भुजंग इतका गोंधळलेला दिसत नाही.

मग पंचफुला. आपल्याला खाली बघायला लावायला तिनं कुणाकडून करवून घेतलं असेल? पण तिची स्वतःची ज्वारी उभी होती. बांधावरून दिसत होती, कणसं पांढरी पडलेली, वर पाखरांचा ढग. जिला गडी मिळत नाहीत, ती दुसऱ्याच्या रानात गडी कुठून घालील?

मग कमलबाई.

"तू कुनाला काय बोललीस?"

"कशाबद्दल?"

"ज्वारी कोन काढायलंय आपली?"

कमलबाईंनी पीठ मळता मळता वर बघितलं. "कुनी का काढंना. काम तर व्हायलंय." मग थोडं थांबून म्हणाल्या, "सिताराम भाऊजी असते तर त्यांनी असंच केलं असतं. त्यांची खोडच तशी. आपलं ऱ्हाऊ द्यायचं, आन दुसऱ्यावर वजं करून ठिवायचं."

"गप बस."

त्या गप बसल्या. व्यंकटरावांना ते वाक्य मात्र गप बसू देईना. दुसऱ्यावर वजं. रोज कड सरकत होती. रोज पेंढ्या वाढत होत्या. त्यांनी कुणाला बोलावलं नव्हतं, कुणाला होकार दिला नव्हता, आणि तरी त्यांच्या अंगावर दुसऱ्याचं अंग चढत चाललं होतं. उभ्या जन्मात त्यांनी कुणाचं ठेवलं नव्हतं. हे मात्र वाढतच चाललं होतं, आणि वाढवणारा दिसत नव्हता.

त्यांनी राखण केली. सकाळपासून बांधावर बसले. सकाळी काही नाही. दुपारी ते भाकरी खायला आखाड्यात गेले, हात धुऊन बाहेर आले तोवर एक पट्टा आडवा झालेला. दुसऱ्या दिवशी ते जेवले नाहीत. पण दिवस कलता कलता बैलानं दावं तोडलं, ते ओढ्यापर्यंत त्याच्या मागं गेले, आणि परत येऊन बघतात तर झालेलं होतं. डोळा लागला असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. म्हातारपण आहे. उन्हात बसलं की माणसाला भुरळ पडते.

पण पेंढ्यांना भुरळ पडत नाही. त्या तिथंच होत्या.

आणि पेला त्या दिवशी पडव्याच्या उंबऱ्यावर होता.

५

ते पेडगावला चालत गेले, तिथून एसटीनं परभणीला. जोशीबुवांचा लेक कचेरीत गेलेला. बुवा खुर्चीवर ऊन खात बसले होते.

"या व्यंकटराव. गावात सगळं बरं?"

"बरं. बुवा, एक इचारायचंय. माघ खरंच गेला का?"

बुवांनी चष्मा कपाळावर सरकवला. "गेला असं कोण म्हणतं?"

"पंचांग म्हनतंय."

"पंचांग म्हणतंय की तुम्ही म्हणताय? मागची पानं वाचली? सगळ्या जगाला लग्नाच्या तारखा पाहिजेत. शास्त्रार्थ बारीक टायपात मागं असतो, तो कुणी वाचत नाही."

व्यंकटरावांनी मान खाली घातली. बारीक टाइप त्यांना वाचता येत नसे.

"महिना म्हणजे काय कोंबडीनं गिळलेला मणी आहे?" बुवा म्हणाले. "हा जोडमहिना आहे. प्रत्येक तिथीचा पहिला अर्धा पौषाचा, दुसरा अर्धा माघाचा. या महिन्यात लेकरू झालं तर आम्ही बघतो, पहिल्या अर्ध्यात की दुसऱ्या अर्ध्यात. त्यावर त्याची जन्मतिथी. मेलेल्याचं श्राद्धसुद्धा त्याच हिशेबानं."

"म्हंजी माघ हाय."

"रोज आहे. पौषाच्या पोटात आहे."

"आन रोज कदी लागतो?"

"तिथी काही घड्याळाची बांधील नाही. कालची तिथी जिथं संपली तिथून आजची जिथं संपते तिथपर्यंत धरायचं, आणि मधोमध चिरायचं. वेळ सरकते. कधी पुढं, कधी मागं. अमावास्येला दोन्ही महिने एकदमच संपतात." बुवांनी त्यांच्याकडं निरखून बघितलं. "का? माघाचं कुणाला काही कबूल केलं होतं?"

"न्हाई," व्यंकटराव म्हणाले आणि उठले.

परतीच्या एसटीत त्यांनी पंचांग मांडीवर घेतलं. बोटांवर धरून मधोमध चिरत बसले. पेला पहिल्यांदा हौदावर दिसला तो दिवस. तिथीचा दुसरा अर्धा सांजेला लागत होता. ते भाकरी खायला गेले तो दिवस. दुपारी लागत होता. बैलानं दावं तोडलं तो दिवस. दिवस कलताना.

त्यांनी परत मोजलं. मग परत. शेजारचा प्रवासी त्यांच्या बोटांकडं बघायला लागला तेव्हा त्यांनी पंचांग मिटलं.

भुजंगला हे जमणारं नव्हतं. पंचफुलाला तर नाहीच. वाडीत तिथी चिरता येणारा एकच माणूस होता, आणि त्यालाही ते आजच कळलं होतं.

६

दुसऱ्या दिवशी ते आखाड्यात आतल्या खोलीत बसले. दार पुढं लोटलेलं, एक फट ठेवलेली. जावयानं दिलेलं मनगटी घड्याळ काढून बाजेवर ठेवलं. आजची वेळ त्यांनी तीनदा काढली होती. ऊन टळटळीत होतं. पत्रा तडतडत होता. बैल रवंथ करत होते.

वेळ झाली. काही झालं नाही.

व्यंकटरावांनी श्वास सोडला. माणसानं म्हातारपणी एकटं बसू नये, ते मनाशी म्हणाले. बैलांचं रवंथ थांबलं.

मग वरच्या रानातून आवाज आला. खस्स. ज्वारीचं मूळ जमिनीतून सुटताना येतो तो. मग थप. पायावर आपटून माती झाडल्याचा. खस्स, थप. खस्स, थप. घाई नाही, आळस नाही. कामाला मुरलेल्या माणसाची चाल. मधे थोडी शांतता, तेवढ्यात पेंढी बांधली जात असणार. पुन्हा खस्स, थप.

वारा असेल. वाऱ्यानं ताटं एकमेकांना घासतात.

वारा नव्हता. फटीतून दिसणाऱ्या लिंबाचं पानही हलत नव्हतं.

बराच वेळ गेला. आवाज थांबला. मग अंगणात पाऊल पडलं. अनवाणी, जड, ओल्या मातीत पडतं तसं. अंगण तर सारवलेलं, कोरडं होतं. पाऊल पडव्यात आलं. उंबऱ्यावरचा पेला उचलल्याचा आवाज झाला. जर्मनचा आवाज वेगळा असतो, तो चुकत नाही.

रांजणावरचं झाकण सरकलं.

इतकी वर्षं त्या पेल्यात पाणी वरून पडलं होतं. आज तो रांजणात बुडाला. बुडुक. आणि कुणीतरी सावकाश घोट घेत प्यायलं.

व्यंकटरावांनी डोळे मिटले. मिटले हे त्यांनी नंतर स्वतःपाशीसुद्धा कबूल केलं नाही.

दाराची बिजागरी वाजली नाही. पण खोलीत ओल्या मातीचा वास आला. पेरणीच्या वेळी पाभरीच्या तासातून येतो तो. दिवाळीनंतर पावसाचा थेंब नव्हता. तो वास बाजेपाशी आला, थांबला आणि थांबूनच राहिला. जसा रानमालकानं काही बोलावं म्हणून गडी थांबतो.

"येतो," व्यंकटराव म्हणाले. आवाज त्यांचा त्यांना ओळखू आला नाही. "उद्या येतो. सोता."

त्यांनी डोळे उघडले तेव्हा खोली रिकामी होती. दार होतं तसं लोटलेलं. बाजेच्या पायाशी जर्मनचा पेला होता. काठोकाठ भरलेला. काठाला काळ्या मातीचं बोट लागलेलं होतं, ओलं.

हात पुढं करायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी तो उचलला आणि प्यायले.

७

सकाळी त्यांनी पंचांग घेतलं नाही. धोतराचा काचा मारला, डोक्याला पटका बांधला.

"कुठं निघालाव?" कमलबाईंनी विचारलं.

"सितारामच्या रानात."

कमलबाईंनी कालची भाकरी फडक्यात बांधायला घेतली. मग थांबल्या, फडकं सोडलं आणि भाकरी टोपल्यात परत ठेवली. सावडीत जेवण रानमालकाचं असतं.

आडवाटेनं जाता आलं असतं. व्यंकटराव वेशीतून, पारावरून, सगळ्यांच्या समोरून गेले. पारावर माणसं बसली होती. भुजंग उठून आडवा आला.

"तात्या, इकडं कुनीकडं? तुमच्या आखाड्याची वाट तर तिकडनं ऱ्हायली."

"ज्वारी काढायला."

"कुनाची?"

"सितारामची."

पारावर कुणीतरी घसा खाकरला. भुजंगनं थट्टा शोधली, पण ती त्याच्या तोंडात आली नाही. "तात्या, लोक काय म्हनतील? तुमी त्यांच्या रानात? आन तुमीच म्हनला व्हतात, माघ न्हाई म्हून."

"माघ हाय," व्यंकटराव म्हणाले. "मला वाचता आला न्हाई."

ते पुढं गेले.

पंचफुला एकटीच एका कडेला लागलेली होती. त्यांना बघून ती सरळ झाली. पुढची पात, एका माणसाच्या वाट्याची ओळ, तिनं मोकळी करून दिली. व्यंकटरावांनी पात धरली आणि पहिलं ताट उपटलं. पायावर आपटून माती झाडली.

अंग बोलायला लागलं. कंबर धरली, तळहाताला फोड आले, फुटले. ते थांबले नाहीत. जेवणवेळेला पंचफुलानं ज्वारीची भाकरी आणि ठेचा पुढं ठेवला. ती जरा लांब बसायला निघाली.

"हितं बस," व्यंकटराव म्हणाले.

ती बसली. दोघं जेवले. थोड्या वेळानं ती म्हणाली, "तात्या, येक इचारू? तुमाला कुनी काय बोललं का?"

"न्हाई."

"मला वाटलं, कुनी तरी बोललं आसंल."

त्यांनी उरलेला घास तोंडात घातला आणि उठले.

रोज ते वेशीतूनच गेले आणि वेशीतूनच आले. घरी कमलबाई हाताला तेल लावत. आपल्या वरच्या रानाकडं त्यांनी मुद्दाम मान वळवून बघितलं. तिथं नवी पेंढी पडत नव्हती. कड जिथं होती तिथंच होती. ही खूण चांगली की वाईट, त्यांना ठरवता येईना. कामाचा माणूस एक रान सोडतो तेव्हा घरी जातो, नाहीतर दुसऱ्या रानात जातो.

अमावास्या आली. थोडीच ज्वारी उरली होती, शेवटच्या पट्ट्यापुरती. पंचफुला बांधावर पेंढ्यांची सुडी रचत होती, पाठमोरी. आजची वेळ व्यंकटरावांनी काढली नव्हती. काढायची गरज नव्हती. दिवस मावळतीकडं झुकला, सावल्या लांब झाल्या, आणि त्यांच्या डाव्या हाताच्या पातीत खस्स झालं.

मग थप.

त्यांनी मान वळवली नाही. खाली बघून आपलं ताट उपटलं. शेजारचं ताट त्यांच्याबरोबरच सुटलं. ते पुढं सरकले, शेजारची पात पुढं सरकली. खस्स, थप. खस्स, थप. दोघांची चाल एक झाली. सावडीत तसंच असतं. मागं राहायचं नाही, पुढं पळायचं नाही. ओल्या मातीचा वास येत होता. व्यंकटरावांनी पात सोडली नाही.

दोन्ही पाती एकमेकींकडं येत गेल्या. मधे उरली ती ताटांची एक विरळ रांग. तिच्या फटीतून, न बघता, त्यांना दिसलं. एक टाच. भेगाळलेली, काळ्या मातीनं घोट्यापर्यंत माखलेली, आणि ती माती ओली होती. कोरड्या रानात त्या टाचेखालची जमीन काळी होत होती. टाच उचलली, पुढं पडली. डावा हात खाली आला आणि ताटाच्या बुडाशी मिटला.

व्यंकटरावांनी डोळे आपल्या हातांवर आणले आणि तिथंच ठेवले.

रांग संपत आली. आता उपटायला एकच ताट उरलं, मधोमध. शेजारचा आवाज थांबला होता. त्या ताटाला हात घालायचा होता तो त्यांनीच. त्यांनी दोन्ही हातांनी ते धरलं, उपटलं, पायावर आपटून माती झाडली आणि पेंढी आवळली. पेंढी खांद्यावर घेऊन ते बांधापर्यंत चालत गेले आणि सुडीवर ठेवली.

पंचफुलानं रिकाम्या रानाकडं बघितलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"फिटलं, तात्या," ती म्हणाली.